सत्तरला एक कमी

नापास होणाऱ्यांची आपल्याकडे चांगली सोय आहे. त्यांच्यासाठी शब्द तरी किती! कुणी उडतो, कुणी आपटतो, कुणी गटांगळी खातो, कुणाची दांडी गुल होते. पूर्वी मॅट्रिकच्या वाऱ्या करणारे असत. तिसऱ्या-चौथ्या वारीनंतर घरच्यांना त्याची इतकी सवय व्हायची की मुलगा पास झाला तर आधी त्यालाच परत पाठवत, "जा, नंबर नीट बघून ये." आजही नापासाच्या घरी एखादे काका येतात, आइनस्टाइन गणितात नापास झाला होता ही साफ खोटी गोष्ट सांगतात, चहा घेतात आणि जातात. चार दिवसांत घर ताळ्यावर येतं, केटीचा फॉर्म भरला जातो. पहिल्या येणाऱ्याचं तर विचारूच नका. त्याच्या घरच्या फ्रिजमध्ये पेढ्यांशिवाय काही सापडत नाही आणि चौकातल्या फ्लेक्सवर नगरसेवकाच्या फोटोखाली, जरा बारीक का होईना, त्याचाही फोटो लागतो.

पंचाईत आहे ती थोडक्यात हुकलेल्यांची. हा प्राणी पास असतो. नुसता पास नाही, चांगला पास असतो. त्याच्या मार्कांवर दुसऱ्या एखाद्या घरात दिवाळी झाली असती. तरीही तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. अभिनंदन करावं तर तो अंगावर येतो आणि सांत्वन करावं तर त्याची आई दुखावते. "रडण्यासारखं काय झालंय? फर्स्ट क्लास आहे त्याला!" असं ती आपल्यालाच सुनावते, जणू रडायला आपणच शिकवलं.

सध्या हा प्राणी नवीन पनवेलला आमच्या ताईकडे मुक्कामाला आहे. माझी भाची. बी.कॉम.च्या सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या दिवशी तिने फोनवर कॅल्क्युलेटर उघडला, तो अजून बंद केलेला नाही. मी राहते जुन्या पनवेलात. ताईचा फोन आला, "तू ये बाई. तुझं ऐकते ती." हे खरं नाही. ती कुणाचंच ऐकत नाही. मावशी आली की दार तेवढं उघडते. पण आईबापांना तेवढंही खूप वाटायला लागतं, असे दिवस असतात.

गुण असे होते. अकाउंट्स ७८, कॉस्टिंग ६९, एचआरएम ७२, इको ६९, जीएसटी ७०, एक्स्पोर्ट मार्केटिंग ५९. सहाशेपैकी ४१७, म्हणजे साडेएकोणसत्तर टक्के. आमच्या वेळी एवढ्यावर वडिलांनी एचएमटीचं घड्याळ घेऊन दिलं असतं. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, मार्कांना कोण विचारतं? पॉइंटर विचारतात."

आता पॉइंटर ही काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण तिच्या दुःखाचं मूळ तिथे आहे. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून क्रेडिट आणि ग्रेडची पद्धत आणली. तेव्हा सात पायऱ्या होत्या. २०१६-१७ पासून दहाच्या मापाचा तक्ता आला. त्यात ८० आणि त्याच्या वर 'ओ', त्याचे १०. ७० ते ७९.९९ 'ए प्लस', त्याचे ९. ६० ते ६९.९९ 'ए', त्याचे ८. ५५ ते ५९.९९ 'बी प्लस', ७. मग 'बी'चे ६, 'सी'चे ५, ४० पासून वर 'डी'चे ४ आणि त्याखाली 'एफ', म्हणजे भोपळा. प्रत्येक विषयाचा हा आकडा त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्याची बेरीज करायची, एकूण क्रेडिटने भागायची. जे येईल तो पॉइंटर. एकदा हे झालं की तुमचे मूळ गुण कुणी बघत नाही.

या तक्त्यातलं '.९९' मला फार आवडतं. करणाऱ्याने किती काळजी घेतलीय! ६९ आणि ७० च्या मध्ये शतांशाचीही फट राहू नये, कुणी त्यात अडकून लोंबकळू नये. आता शंभर गुणांच्या पेपरात परीक्षक फार तर अर्ध्यापर्यंत मोजतात. म्हणजे एका पेपरात ६९.९९ मिळवणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे. त्याची बसायची जागा मात्र आधीच राखून ठेवलीय. आणि ज्यांना नुसते ६९ मिळतात, त्यांना ६० वाल्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसवलंय.

भाचीने मला कागदावर सगळं मांडून दाखवलं. अकाउंट्स आणि कॉस्टिंग चार-चार क्रेडिटचे, बाकीचे चार विषय तीन-तीनचे, एकूण वीस. तिची बेरीज १६७, पॉइंटर ८.३५. मग तिने कॉस्टिंगमध्ये एक, इकोमध्ये एक आणि एक्स्पोर्टमध्ये एक, असे तीन गुण लाल पेनाने घातले. बेरीज १७७. पॉइंटर ८.८५. सहाशेतल्या तीन गुणांसाठी अर्धा पॉइंटर गेला. "आता बघ," ती म्हणाली आणि कागद उलटला.

मागच्या बाजूला मैत्रिणीचे गुण होते. मैत्रीण त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते, लहानपणापासून एकत्र शाळेत, एकत्र कॉलेजात, एकाच क्लासला. तिला ७१, ७०, ७३, ७०, ६१ आणि ६०. एकूण ४०५. भाचीपेक्षा बारा कमी. पॉइंटर ८.७.

मी दोनदा बेरीज करून पाहिली. बरोबर होती. बारा गुण कमी आणि पॉइंटर ०.३५ ने जास्त. यात लबाडी कुणाचीच नाही. मैत्रिणीची तर अजिबात नाही; तिच्या आईने पेढेही पाठवले होते आणि भाचीने त्यातले दोन खाल्लेही होते, रागाने. पण जी मुलगी प्रत्येक पायरीवर बरोबर काठावर उतरली ती वर गेली, आणि जी प्रत्येक वेळी पुढच्या पायरीच्या एक बोट अलीकडे थांबली, तिची ती वाटचाल हिशेबातून गळून पडली. कॉस्टिंगमध्ये हीच मुलं शिकतात, नॉर्मल लॉस आणि अ‍ॅब्नॉर्मल लॉस. प्रक्रियेत थोडा माल वाया जाणारच, तो नॉर्मल. त्यापलीकडे गेला तो अ‍ॅब्नॉर्मल, त्याचा हिशेब वेगळा दाखवायचा. भाचीच्या मते तिचे कॉस्टिंगचे नऊ गुण हा दुसऱ्या प्रकारचा लॉस आहे. व्याख्या तिला पाठ आहे. त्या व्याख्येला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते, हे मला नंतर कळलं.

भावोजी हॉलमध्ये पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "रेषा कुठेतरी ओढावीच लागते." हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय आणि दर वेळी ते रेषेच्या वरच्या बाजूने आलंय. भावोजींना स्वतःला बी.कॉम.ला फर्स्ट क्लासला लागतात त्याहून एकच गुण जास्त होता. त्या एका गुणावर त्यांना नोकरी लागली, नोकरीवर ताई मिळाली, आणि पुढचं सगळं झालं. रेषेवर त्यांची फार श्रद्धा आहे.

पहिला उपाय म्हणून मी क्रिकेट काढलं. आमच्या घरात दुःखावर क्रिकेट चालतं. ब्रॅडमनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तरी सांगितली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर शेवटची खेळी, सरासरी शंभर व्हायला चार धावा हव्यात, आणि होलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा. भोपळा. सरासरी ९९.९४. "बघ, चार धावांनी हुकलं, पण आज तो ९९.९४ चाच जगभर मान आहे." भाचीने विचार केला आणि म्हणाली, "विद्यापीठात ९९.९४ म्हणजे ओ. दहा. ऐंशीवाल्यालाही दहाच. त्याला फरक पडलाच नसता."

मग मला राहवलं नाही. मी बाकीच्यांनाही तक्त्यात बसवून पाहिलं. सुनील गावसकर, कसोटी सरासरी ५१.१२. बी. पॉइंटर सहा. सचिन तेंडुलकर, ५३.७८. तोही बी, तोही सहा. दोघे शेजारी शेजारी, आणि सचिन बी प्लसला १.२२ ने हुकलेला. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, म्हणून ते ए प्लसमध्ये बसतात. पण त्यांचीच कसोटीतली ४७.७२ घेतली तर सी. हॉलमध्ये पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. "गावसकरला सी-बी काय देता, पोरखेळ आहे का?" भावोजी म्हणाले. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, असं मी म्हटलं नाही. ताईच्या घरी मी पाहुणी असते.

दुसरा उपाय, संध्याकाळी वडाळे तलावावर चक्कर. पाऊस थांबला होता, निम्मं पनवेल बाहेर पडलं होतं. चालता चालता मी गंभीर गोष्ट काढली. काकांच्या त्या आइनस्टाइनपेक्षा खरी आणि आपल्या घरची. डॉ. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना साडेसातशेपैकी २८२ गुण होते. पुढे कोलंबिया, लंडन, काय काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. भाची थांबली. "मावशी, ते आंबेडकर होते. मी एक्स्पोर्ट मार्केटिंगमध्ये एकोणसाठ आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही आणि मी कणीस घेऊन दिलं.

कणीस खाताना तिला मी एक जुना अभ्यास सांगितला. हा मला मनापासून पटलेला आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दाखवल्या आणि चेहऱ्यावरचा आनंद मोजायला सांगितला. १९९५ साली निष्कर्ष छापून आले. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसत होते. कारण सरळ आहे. तिसऱ्याचं तोंड मागे असतं, चौथा येऊन काहीच न मिळालेल्याकडे. दुसऱ्याचं तोंड सोन्याकडे. "म्हणजे," भाची म्हणाली, "मला कॉस्टिंगमध्ये साठ पडले असते तर मी खूश असते?" "असतीस." "आणि पॉइंटर तोच?" "तोच." ती कणसाचे दाणे मोजत असावी, अशी शांत झाली. मग म्हणाली, "मग ते वरचे नऊ मार्क मिळवायला मी पहाटे पाचला उठत होते, ते कशाला?" अभ्यास सांगितला नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पनवेलकरांना खरं तर हुकण्याचं एवढं वाटायला नको. हार्बरची सीएसएमटी लोकल इथूनच सुटते. दुसऱ्या स्टेशनांवर गाडी चुकली की नुसतीच चुकते. इथे डोळ्यांदेखत एक गेली की पुढची रिकामी उभी, पाहिजे ती खिडकी घ्या. पण अशा खिडकीत बसलेला माणूस कधी नीट बघितलाय? वारा तोंडावर घेत, पाय पसरून बसलेला असतो आणि कुर्ला येईपर्यंत शेजाऱ्याला सांगत असतो की जिन्यात त्या बाई आडव्या आल्या नसत्या तर आधीची मिळाली असती. अर्धा तास उशीर झालेला माणूस असं काही सांगत नाही. तो निवांत वडापाव खातो.

भाचीच्या दुःखाची मी अशी चेष्टा करत्येय म्हणून कुणी रागावू नये. रेषांना दात असतात, हे मला माहीत आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या 'सिक्स्टी थ्रूआउट' मागतात, म्हणजे दहावी, बारावी, पदवी सगळीकडे साठ. एका ठिकाणी ५९ असले की मुलाखतीच्या रांगेतही उभं राहता येत नाही, मग तुम्ही बोलायला कितीही हुशार असा. प्राध्यापक व्हायचं तर नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गातून बसायला एम.ए.-एम.कॉम.ला ५५ टक्के हवेत, आणि नियमात कंस टाकून स्पष्ट लिहिलंय की पूर्णांकात बदलून चालणार नाही. ५४.९ म्हणजे ५४.९. कुणी तरी कधी तरी ५४.९ ला ५५ म्हणून खपवायला गेला असणार, त्याशिवाय असा कंस नियमात पडत नाही. आणि दया म्हणाल तर ती बहुतेक पासच्या रेषेपाशी राहायला असते. तिथे ग्रेसचे गुण आहेत, एनएसएस केलेल्यांना दहा गुणांची सवलत आहे. भाची एनएसएसला गेली नव्हती. पहिल्या वर्षी नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा रविवारी सकाळी झाडू घेऊन कोण उभं राहणार, असा सवाल तिने केला होता. त्याचा उल्लेख या घरात आता कुणी करत नाही, तिच्या आईशिवाय.

ज्यांना दुःखाची नुसती तुलना करायची असेल त्यांनी २०१७ च्या बॅचला गाठावं. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. त्यांचा आकडा सतरा लाखांच्या वर. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती गेली, ऑगस्ट गेला, गणपती आले आणि गेले, तरी निकाल लागतच होते. ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या बॅचच्या मुलांना अजून विचारा. त्यांच्यात त्या वर्षी कुणी कुणाला 'किती?' असं विचारत नसे. 'लागला?' एवढंच विचारत. लागला म्हटलं की मिठी मारत. ६९ आणि ७० चा फरक कळायला आधी निकाल वेळेवर लागावा लागतो. ही चैन आहे, असं मी भाचीला सांगणार होते. पण त्या वर्षी ती शाळेत होती आणि आता तिला इतिहास नको होता.

तिसरा उपाय तिनेच शोधला. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती तिने कॉस्टिंगची मागवली. एके दिवशी पीडीएफ आली आणि भावोजींच्या लॅपटॉपवर आम्ही सगळे ती बघायला बसलो, एखाद्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट बघतात तसे. ताईने चष्मा पुसून घेतला. भावोजींनी पेन्सिल आणि कागद घेतला, कारण एक तरी गुण शोधून काढायचाच होता.

पहिली तीन पानं छान गेली. अक्षर सुंदर, रकाने पट्टीने आखलेले. चौथ्या पानावर प्रोसेस बी. त्यात वरून खाली येताना ९,६०० चे ६,९०० झाले होते. पुढचं सगळं गणित त्या ६,९०० वर बांधलेलं, अगदी मन लावून. परीक्षकाने त्या आकड्याभोवती गोल केला होता आणि पुढच्या पद्धतीचे गुण दिले होते, पंधरातले अकरा. भावोजींनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग टिपा आल्या. तीनपैकी दोन लिहायच्या होत्या. भाचीने तिन्ही लिहिल्या होत्या. तिसरी दोन ओळींची होती, पण तिच्याखाली एक चौकोन काढला होता, चौकोनात आणखी एक चौकोन, आणि त्यावर बाण. बाण कुठे चालला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. "हे काय आहे गं?" ताईने विचारलं. "वेळ उरला होता," भाची म्हणाली.

शेवटच्या पानापर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मी मनातल्या मनात मोजत होते, ताईही मोजत असावी. भावोजींच्या कागदावर शेवटी जो आकडा उरला तो मी वाकून बघितला. ६४. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. रिव्हॅलचा फॉर्म भरायची मुदत आणखी चार दिवस होती. या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. आमच्यापेक्षा पाच गुणांनी दिलदार असलेल्या त्या अनोळखी परीक्षकाबद्दल कुणी दोन चांगले शब्द काढले, असंही नाही.

इतक्यात सोसायटीचा गुणगौरव समारंभ आला. पनवेलमध्ये जून-जुलै हे पावसाचे तसे गुणगौरवाचेही महिने. पुढाऱ्यांचे मोठे सोहळे फडके नाट्यगृहात होतात, सोसायट्यांचे पार्किंगमध्ये, गाड्या काढून. प्रमाणपत्र, गुलाबाचं फूल आणि छत्री. ही छत्री फार मोलाची, कारण आपल्याकडचा पाऊस बाजारातल्या छत्रीला एका आठवड्यात उलटी करतो आणि सोसायटी जरा बरी छत्री आणते. अट होती सत्तर टक्क्यांची. भाचीचे साडेएकोणसत्तर. सेक्रेटरी काका स्वतः वर आले. "अगं, राउंड ऑफ करू या. आपण काय विद्यापीठ आहोत का? नाव टाकतो तुझं." खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणात एवढं समजूतदार वाक्य कुणी बोललं नव्हतं. भाचीने हात जोडून नको म्हटलं. "फुकटची छत्री नको, काका. पुढच्या वर्षी एम.कॉम.ला घेईन." काका गेले. मैत्रिणीच्या ४०५ चे साडेसदुसष्ट टक्के होतात, म्हणून छत्री तिलाही नव्हती. हे भाचीच्या लक्षात आलं तेव्हा निकालानंतर पहिल्यांदा तिने पोटभर जेवण केलं. मला हे तितकंसं उदात्त वाटलं नाही, पण भूक लागली हे महत्त्वाचं.

त्याच रात्री मी निघायच्या आधी तिने पुन्हा तो कागद काढला. लाल पेन, कॅल्क्युलेटर. कॉस्टिंगमध्ये एक, इकोमध्ये एक, एक्स्पोर्टमध्ये एक. मी तिच्या खांद्यावरून बघत होते आणि माझं लक्ष मधल्या एका ओळीवर गेलं, जिच्याकडे इतक्या दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"जीएसटीत किती गं तुला?"

"सत्तर."

"बरोबर सत्तर?"

"हो. ए प्लस आहे त्यात."

"म्हणजे तिथे एक कमी पडला असता तर ए. बेरजेतले तीन गेले असते. आठ पूर्णांक पस्तीसचे..." मी तिचाच कॅल्क्युलेटर घेतला, "आठ पूर्णांक वीस."

तिने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तो एक कुठून आला असेल, कधी हिशेब केलास का? तिथेही कुणी चौकोनातला चौकोन बघून दिला असेल."

"मावशी," ती फार शांतपणे म्हणाली, लहान मुलाला समजावतात तशी, "जीएसटीचा मी अभ्यास केला होता."

हॉलमधून पेपरामागून आवाज आला, "मीही केला होता."